आबांनी वाट राखली

हडपसरला आमच्या मागे एक चाचा आहेत. पिंजारी, गाद्यांचं दुकान. दुकानाकडे जायची वाट बिल्डरने पत्रे ठोकून बंद केली. त्याला जमीन विकणारे दोघे भाऊ म्हणाले, इथे वाट नव्हतीच कधी. गिऱ्हाइकाने काय उडत यायचं?

चाचांनी दावा लावला. चाचांच्या वडिलांना वाट दिली तेव्हा हजर असलेला एकच माणूस जिवंत होता, तोही या भावांचा सख्खा चुलता, आबा. ते चंद्रपूरकडे लेकीच्या गावी अंथरुणाला खिळलेले.

आम्ही कार्यकर्ते हुशार. आबांच्या नातीकडून त्यांचा व्हिडिओ मागवला, त्यावर घोषणा चढवल्या आणि गावभर पाठवला. चाचांच्या वकीलबाईंनी तो बघितला. म्हणाल्या, "छान. शपथ नाही, उलटतपासणी नाही. याला साक्ष म्हणत नाहीत, फॉरवर्ड म्हणतात."

मग त्यांनी रीतसर अर्ज केला: साक्षीदार येऊ शकत नाही, कोर्टाने कमिशनर पाठवून साक्ष तिथेच नोंदवावी. समोरचे म्हणे, घाई काय आहे? घाई काय! माणूस मरायची वाट बघतोय असं सरळ बोला ना.

अर्ज मंजूर झाला. कमिशनर म्हणून कोर्टाने नेमलेले एक वकील, दोन्ही बाजूंचे वकील, दोन्ही पक्ष आणि मी, सगळे आबांच्या खाटेभोवती. आत शिरल्याशिरल्या दोघा पुतण्यांनी आबांच्या पायांवर डोकं ठेवलं.

मी वकीलबाईंच्या कानाशी लागले. "हा दबाव आहे! हरकत घ्या."

"नमस्काराला? कुठल्या कलमाखाली?"

आबांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवला. "सुखी ऱ्हावा. च्या घेतला का?" मग चाचांकडे बघून, "तू बी बस की रं, लांब का हुभा?"

शपथ झाली. आबा सावकाश बोलले. "थोरल्यानं, ह्यांच्या बापानं, माझ्यादेखत वाट सोडली. बैलगाडी जाईल येवढी. हद्दीचा खुंट मीच ठोकला."

समोरचे वकील सरसावले. "पुतण्यांवर तुमचा राग आहे, म्हणून हे सांगताय."

"राग? आत्ताच आशीर्वाद दिला की. तुमी हितंच हुता."

कमिशनरांनी तेही लिहून घेतलं. पुतणे चहाच्या कपात बघत राहिले. सगळं वाचून दाखवल्यावर आबांनी अंगठा दिला.

पुढची तारीख यायच्या आत आबा गेले. कोर्टाच्या व्हरांड्यात दोघे पुतणे मुंडण केलेले. चाचा उठून त्यांच्याकडे गेले. "आबांचं वाईट झालं."

"हो चाचा," धाकटा म्हणाला आणि बाकावर सरकून जागा केली. माझा नुसता संताप. पण चाचा बसले.

आत पुतण्यांचे वकील म्हणाले, साक्षीदार हयात नाही, त्याच्या बोलण्यावर कसं विसंबायचं? न्यायाधीशांनी विचारलं, "उलटतपासणी आपणच घेतली ना?"

"हो."

"मग?"

पुढची तारीख पडली. पत्रे अजून जागेवर आहेत, मी रोज शिव्या देत त्यांच्यासमोरून जाते. पण आता तारखा पडू देत किती पडायच्या त्या. आबांना यायचं नाहीये. ते बोलून गेलेत.