‘कोणामुळे’चा रकाना

इस्पितळाच्या संगणक विभागात त्यांना सगळे कारणताई म्हणत. काही बिघडलं की बाकीचे ते कसंबसं चालू करायच्या मागे लागत, आणि या बाई आधी कारण विचारत. हिला मरण आलं तरी ही आधी कारण विचारेल, असं त्यांच्या सासूबाई शेजारणींना सांगायच्या.

रुग्णांचे रिपोर्ट दाखवणाऱ्या सर्व्हरने महिनाभर विभागाच्या नाकात दम आणला होता. सकाळी टवटवीत असलेला हा गडी दुपारपर्यंत मेमरी खाऊन फुगायचा आणि गप्प व्हायचा. बंद करून चालू केला, की दुसऱ्या दिवशी तेच. नेमकं महिन्यापूर्वीच ‘जावया’ने रिपोर्टांचं नवं पान बसवलं होतं. दुसऱ्या विभागातून आलेला आणि टेबलाशी बसायच्या आधी चहा मागणारा, म्हणून तो जावई. साहेबांनी बिघाडवहीच्या ‘कोणामुळे’ या रकान्यात त्याचं नाव पेन्सिलीने लिहूनही टाकलं. संध्याकाळी ते शाईने पक्कं झालं, की त्याला नारळ. बिचाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

त्या दुपारी सर्व्हर फुगायला लागला आणि साहेब नेहमीप्रमाणे तो बंद करायला निघाले. ताईंनी तासभर मागून घेतला. बंद केला तर तपासायचं काय, असं त्यांचं म्हणणं. सर्व्हरच्या आत राबणाऱ्या थ्रेडची, म्हणजे कामकऱ्यांचीच म्हणा, यादी त्यांनी दहा-दहा मिनिटांनी तीनदा काढली आणि चष्मा कपाळावर चढवून वाचत बसल्या. प्रत्येकाच्या नावात त्याच्या टोळीचा क्रमांक होता. खरं तर वीस-पंचवीस जणांची एकच टोळी पुरली असती. इथे टोळी नऊशे चार, नऊशे पाच, नऊशे सहा, आणि प्रत्येकीत एकच गडी, काम संपलं तरी शेवटचा रिपोर्ट कवटाळून उभा. रिपोर्ट मागणाऱ्या प्रत्येकासाठी नवी टोळी उभी राहत होती, आणि तिला घरी जा म्हणणारं कोणी नव्हतं.

ही टोळी उभी करणारी प्रोग्रॅममधली ओळ ताईंनी शोधून काढली. अकरा वर्षांपूर्वीची होती, आणि लिहिणाऱ्या त्या स्वतःच होत्या. तेव्हा दिवसाला वीस रिपोर्ट निघत आणि दर रविवारी सर्व्हर बंद करून चालू होई, त्यामुळे कोणाला पत्ता लागला नाही. जावयाच्या पानाने फक्त गर्दी वाढवली होती. ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या उठल्या आणि तडक साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणला. “अकरा वर्षांपूर्वीचं कोण बघतंय, ताई? ओळ दुरुस्त करा आणि विषय संपवा.”

“हा रकाना सुरू करा म्हणून मीच तुमच्या मागे लागले होते, साहेब.”

ताईंनी खोडरबर मागितलं, जावयाचं नाव पुसलं, तिथे शाईने स्वतःचं लिहिलं आणि पुढे कारणही लिहिलं, अगदी सविस्तर. अशी छाती फार थोड्यांची असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी थ्रेड चोवीसच्या वर गेले नाहीत. तरीही ताई आकड्याकडे बघत बसल्या होत्या. तेवढ्यात त्यांच्या टेबलावर चहाचा कप आला. जावयाने स्वतः आणला होता.