बर्फावर न ठेवायचं रक्त

औंढ्याच्या रक्त तपासणी केंद्रातली मंजुषा एका जागी बसत नाही. आज तर दारापासून फोनपर्यंत, फोनपासून दारापर्यंत तिच्या फेऱ्या थांबेनात. प्रतिक्षाच्या रक्ताचं काय झालं ते नांदेडहून अजून कळलं नव्हतं.

शिरड शहापूरच्या प्रतिक्षाला दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा पोट पडलं. डॉक्टरांनी गुणसूत्रांची तपासणी लिहून दिली. मंजुषानं रक्त काढलं, नळी नांदेडला जाणाऱ्या दुधाच्या गाडीत दिली. ड्रायव्हर गुलाबसिंगनं ती मायेनं बर्फात पार खुपसून ठेवली. प्रयोगशाळेचा निरोप आला : पेशी वाढल्याच नाहीत.

"दूध बर्फाबिगर नासतं ताई, रगत न्हाई नासणार?" गुलाबसिंग म्हणाला.

"हे जिवंत पोचावं लागतं हो भाऊ! बर्फात पेशी मरतात."

प्रतिक्षाच्या सासूनं, जनकाबाईनं, मात्र आपला अर्थ लावला. "हिचं रगतच मेलेलं हाय. त्यात लेकरू कसं जगंल? माहेरी धाडते."

दुसऱ्यांदा रक्त काढताना जनकाबाई समोर ठाण मांडून बसली. मंजुषानं पदराचा एक दोरा ओढला.

"मावशी, पेशीत असे धागे असतात. आईकडचे, बापाकडचे. एरवी मोकळे, दिसतच नाहीत." तिनं दोऱ्याला पीळ दिला, तो आखडला. "पेशी दुभंगायला लागली की असे आवळतात. नेमकं तेव्हाच औषधानं तिला थांबवायचं, काचेवर घेऊन रंगवायचं, फोटो काढून जोड्या लावायच्या. एकाचा तुकडा दुसऱ्याला चिकटला असला तर तिथं दिसतो. तसल्यानंही पोट पडतं."

"आन् रगत मेलेलं असलं तर?"

"मेलेली पेशी दुभंगतच न्हाई. बघणार काय?"

"मंग ह्या बारीला न्हाई वाढलं तर मी हिला धाडलीच म्हून समजा."

"बापाकडचे धागे पण बघायचेत. वैजनाथराव, या, बाही वर करा."

प्रतिक्षाचा नवरा दारातच थबकला. "मला सुईची लई तकलीफ होती."

"आन् मला काय गुदगुल्या होऊन राहिल्या का?" प्रतिक्षा फणकारली.

या खेपेला दोन्ही नळ्या घेऊन मंजुषा स्वतः एसटीत बसली. इंजिनाजवळची जागा मिळाली होती. तिथं तापतं म्हणून तीही सोडली. नांदेडपर्यंत पिशवी छातीशी धरून उभीच.

आणि आता फोन वाजला.

"वाढल्या ताई, दोघांच्याही. जोड्या लावायचं काम चालू आहे. रिपोर्टला वेळ लागेल."

मंजुषानं तिथल्या तिथं शिरडला फोन लावला. उचलला जनकाबाईनं.

"मावशी, सुनेचं रक्त जिवंत हाय. पेशी वाढून राहिल्या."

पलीकडं, मागं कुणीतरी भाकरी थापत होतं.

"मंग खोट कुणात हाय?"

"ते अजून बघून राहिलेत. कदाचित कुणातच नसंल."

"पोरी, घे. तुझा फोन हाय."

थापणं थांबलं. पिठाच्या हातानं फोन धरला असावा. प्रतिक्षाचा आवाज दबका आला. "ताई, माहेरची पिशवी भरून ठेवली व्हती. सोडू का?"

"सोड," मंजुषा म्हणाली, आणि पुन्हा दाराकडे चालायला लागली.