एक थाप

धुक्यात आमच्याकडे लोक दोनच तऱ्हांनी गाडी हाकतात. काही जण मोठी लायट टाकून, हॉर्न दाबून असे सुटतात की जणू रस्ता यांच्या तीर्थरूपांनी बांधलाय. बाकीचे पुढच्या गाडीचा तांबडा दिवा धरतात आणि तो नेईल तिकडे जातात. मी दुसऱ्यांतला. पहिल्यांना शिव्या घालत स्वतःला शहाणा समजायचो.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. सुर्ल्यात आमच्या घरी, उजाडायच्या सुमाराला, आईने मला हाक मारली. बाबांचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं, उजवा हात हलत नव्हता, आणि बोलायला गेले की घशातून नुसता आवाज येत होता. अर्धांगाच्या झटक्यात रोग्याला ताबडतोब इस्पितळात न्या, असा कागद पंचायतीच्या भिंतीवर मीच चिकटवला होता. मी तिथे कारकून. बाबांना कसंबसं पुढच्या सीटवर बसवलं, आई मागे बसली आणि आम्ही डिचोलीच्या इस्पितळाकडे निघालो.

बाबांनी जन्मभर खाणीवरचा खनिज वाहायचा टिपर चालवला. शाळेच्या सुट्टीत कधी क्लीनर आला नाही, तर ते मला त्याच्या जागी डाव्या दाराशी बसवत. टिपर मागे घेताना क्लीनर मागे बघतो आणि दारावर हात मारून ड्रायव्हरला सांगतो. दोन थापा म्हणजे येऊ दे. एक थाप म्हणजे थांब. त्यांच्या धंद्यातलं मला येत होतं ते एवढंच.

उतार संपला तसं शेतांवरचं धुकं अंगावर आलं. गाडीचं तोंडसुद्धा दिसेना. काच आतून धुरकटत होती, म्हणून खिडक्या उघड्याच ठेवल्या होत्या. इतक्यात पुढे एका टिपरचा तांबडा दिवा दिसला आणि मला देव भेटल्यासारखं झालं. म्हटलं, हा डिचोलीलाच जाणार. त्याच्या मागे लागलो.

थोड्या वेळाने बाबांनी डावा हात खिडकीबाहेर काढून दारावर थाप मारली. जरा थांबून पुन्हा एक. मला वाटलं, घाबरलेत, नाहीतर दुखतंय.

"बाबा, हात मारूं नाका. पावलोंच आमी."

त्यांनी आणखी जोरात मारली. मला राग आला. हो, रागच आला. मी त्यांचा हात आत ओढला आणि त्यांच्या मांडीवर दाबून ठेवला.

गाडी खड्ड्यांत आदळू लागली. मग दिवा थांबला. समोर खनिजाचा ढीग होता. टिपर पहिल्या खेपेचा नंबर लावायला खाणीच्या प्लॉटवर आला होता, आणि त्याच्यामागे मी. मागे घ्यायला वळून बघतो तर माझा दिवा धरून आणखी चार टिपर आले होते, आणि त्यांच्यामागे एक पाववाला. वाट एका गाडीपुरती. मी चिखलातून एकेकाच्या दाराशी धावलो, हात जोडले, रडलोही. माणसं भली होती, पण धुक्यात भरवशाने मागे तरी कसं घेणार? एकेक गाडी निघेपर्यंत पाऊण तास गेला. तेवढा वेळ बाबा समोर बघत बसले होते. हात मी ठेवला तिथेच होता.

इस्पितळात डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, कधी सुरू झालं? मी सांगितलं, पहाटे तीनला उठले तेव्हा धड होते. ते म्हणाले, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आता वेळ टळली.

बाहेर येऊन आई बाकावर बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हाका आतां कळटा, फाट्यार रस्तो चुकलो तेन्नाच तांकां कळ्ळें. एक थाप मारताले. तुका कळ्ळें ना?"

कळायला हवं होतं. ज्या माणसाने ते मला शिकवलं, त्याच्याकडे सांगायला तेवढंच उरलं होतं, आणि तोच हात मी दाबून धरला.

बाबांची वाचा परत आली नाही. जेवण मी भरवतो. पुरे झालं की ते मेजावर डाव्या हाताने एक थाप मारतात. मी लगेच थांबतो. दोन थापा पडतील म्हणून घास हातात धरून बराच वेळ बसून राहतो.