मुकादम रोज हात उचलतो

तेव्हा मी जेमतेम साठीची पोर होते. कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली, केस काळे करणारी आणि स्वतःच्या इंग्रजीवर लट्टू. कोळंबी गोठवून परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीला संचालक मंडळावर बाई हवी होती, कायद्यानं लागते. त्यांनी मला घेतलं आणि वर नीतिमत्ता व सामाजिक दायित्व समितीची अध्यक्षही केलं. मी आठवडाभर जमिनीवर चालत नव्हते.

कारखान्यात कुणावर अन्याय होत नाही ना, हे बघायचं आमचं काम. त्यासाठी रत्नागिरीच्या शेडच्या दारात तक्रारपेटी टांगली होती. कोळंबी सोलणाऱ्या बाया तीत मराठीत चिठ्ठ्या टाकत. मुंबईच्या ऑफिसात कुणीतरी त्यांचं इंग्रजी करी आणि तो गोषवारा तक्त्यात बसून माझ्याकडे येई. मी रत्नागिरीत, बाया रत्नागिरीत. चिठ्ठ्या मात्र मुंबईला जाऊन इंग्रजी शिकून परत यायच्या. मूळ चिठ्ठ्याही मागवू या, असं एक संचालक म्हणाले होते. "गोषवारा पुरेसा आहे," हे ठसक्यात सांगणारी विदुषी मीच.

एकदा तक्त्यात ओळ आली : 'सुपरवायझर रेझेस हिज हँड एव्हरी डे.' सदर होतं 'कर्मचारी सहभाग'. मी शेजारी पेन्सिलीनं 'गुड' लिहिलं.

पुढच्याच आठवड्यात शेडमध्ये पिण्याच्या पाण्याच्या मशीनचं उद्घाटन होतं. पांढऱ्या टोप्या, गमबूट घातलेल्या साठेक बाया टेबलांपाशी उभ्या. मी माइक धरला आणि माझ्या घरच्या मराठीत म्हणाले, "तुमचा मुकादम रोज हात उचलतो, हे वाचून समितीला फार आनंद झाला."

वाक्य तोंडातून सुटलं आणि मग मला ऐकू आलं.

कुणी हसलं नाही. मुकादमानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो तिसऱ्या टेबलावरच्या बाईकडे बघत होता. ती नाटे गावची, लग्न होऊन इथे आलेली. आदल्या महिन्यात त्यानं तिला सगळ्यांदेखत थोबाडलं होतं; चिठ्ठी कुणाची, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी काय केलं? सावरासावर करून मॅनेजरबरोबर केबिनमध्ये चहा प्यायला गेले. कप तोंडाला लावला तोच किंकाळी आली.

धावत गेले तर त्यानं तिला टोपीसकट केसांनी धरलं होतं आणि स्टीलच्या टेबलाच्या कडेवर डोकं आपटत होता. "समितीला आनंद देतेस काय? घे आनंद!" सोललेल्या कोळंबीवर रक्त सांडलं. ती खाली पडली तसा त्यानं क्रेट उचलून तिच्या कानावर हाणला. आणि मी ओरडले, "थांबा! हे आचारसंहितेच्या विरुद्ध आहे!"

तो मेला हसला की हो.

हसताना त्याचं लक्ष नव्हतं. एका म्हाताऱ्या बाईनं बर्फाचं फावडं त्याच्या गुडघ्यावर घातलं. तो कोसळला आणि मग बाया तुटून पडल्या : क्रेट, गमबूट, कोपरं, जे हाताला येईल ते. त्याच्या खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. खोटं कशाला सांगू, मीही एक लाथ घातली. कंपनीनं घालायला दिलेला गमबूट सैल होता. तो उडून मॅनेजरच्या तोंडावर बसला.

तिच्या कानाचा पडदा फाटला. पुढच्या बैठकीत मुंबई ऑफिसचं टिपण आलं : कामगारांत किरकोळ बाचाबाची, मारहाण करणाऱ्या अकरा बायांना कमी करावं. त्यात तीही होती. सहीपुरती जागा माझ्यासाठी सोडलेली. मी मूळ चिठ्ठी मागितली आणि ती मिळेपर्यंत खुर्चीवरून उठले नाही.

'मुकादम रोज हात उचलतो. समितीत कोण बाईमाणूस असेल तिनं वाचावी.'

ती मी मराठीत, मोठ्यांदा वाचली आणि इतिवृत्तात तशीच घालायला लावली. "लाथ मारणारी बारावी बाई मी," म्हटलं. "काढायचं तर तेवढ्या जणींना काढा." मुकादम गेला. बाया राहिल्या.

महिन्याभरानं तिच्या घरी गेले. तिनं मला हाताला धरून उजवीकडे बसवलं. डाव्या कानाला काही येत नव्हतं. मी माफीचं मोठं भाषण तयार करून नेलं होतं. तिनं दुसऱ्या वाक्यालाच तोडलं.

"ता ऱ्हांदे मॅडम. मुकादमाचा धाकला भाव आलाय आता वजनकाट्यावर. काल येका पोरीचा हात पिरगळलान."

मी पर्समधून वही काढली.

"लिवताव काय?" ती उठून चपला शोधू लागली. "चला माज्याबरोबर."