एक्स-रे घेऊन ये

वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंचा एक ठरलेला उपाय होता. पेशंट शिकाऊ डॉक्टरच्या अंगावर खेकसला, की बाई पुढे होऊन त्या शिकाऊ पोराला किंवा पोरीला म्हणायच्या, "जा, एक्स-रे घेऊन ये." मग एक्स-रे काढलेलाच नसेना का! पोर बाहेर गेलं, की बाई गोड बोलून स्वतःच काम उरकायच्या. तंटा मिटायचा, वेळ वाचायचा. आपण पोरांना किती सांभाळून घेतो, याचं बाईंना भारी कौतुक होतं.

घरीही तेच. सासूबाईंनी नातीच्या कपड्यांवरून तोंडाचा पट्टा सोडला, की बाई मुलीला ब्रेड आणायला पिटाळायच्या. "आई, आपल्याकडे भांडण आजी काढते आणि ब्रेड मी आणते," असं मुलगी एकदा म्हणालीसुद्धा. बाईंनी ते हसण्यावारी नेलं. घरातला ब्रेड बुरशी येऊन टाकावा लागत होता, तो भाग वेगळा.

त्या आठवड्यात पायाची जखम घेऊन एक ठेकेदार दाखल झाला आणि बाईंच्या डोक्याला ताप झाला. त्याचं ड्रेसिंग बाईंच्या हाताखालच्या नव्या शिकाऊ मुलीकडे होतं. चणीने लहान, कामाला चोख. ती दिसली की ठेकेदाराचं सुरू व्हायचं, "ही शाळकरी पोर नको. खऱ्या डॉक्टरला बोलवा. हिला घरी चहा तरी करता येतो का?" झालं, मुलगी एक्स-रे आणायला. एकदा तर त्याने तिचा हात झटकला, चिमटा खणकन खाली पडला. तेव्हाही एक्स-रेच.

त्या दुपारी मुलगी बाईंच्या खोलीत आली. "मॅडम, मला सर्जरी सोडायचीय. प्रयोगशाळेत जागा आहे. तिथल्या नळ्या निदान बोलत तरी नाहीत."

बाई भडकल्याच. इतका जीव तोडून शिकवायचं, आणि त्याचं हे फळ! "त्या माणसापायी? अगं, दर वेळी मी तुला वाचवलं ना?"

"कुठे वाचवलंत? बोलला तो, बाहेर गेले मी. तुम्ही हसत हसत त्याचं ड्रेसिंग केलंत. त्याला वाटलं, आपलंच बरोबर. आणि खरं सांगू? आता मलाही तसंच वाटायला लागलंय."

बाईंना आधी मुलीचा राग आला, मग ठेकेदाराचा, मग स्वतःचा, आणि तो काही केल्या जाईना. शेवटी त्यांनी जे इतक्या वर्षांत कुणालाच विचारलं नव्हतं, ते विचारलं. "उद्या तो पुन्हा बोलला, तर मी काय करू?"

"मला बाहेर पाठवू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदाराने उशीवरूनच तोंड उघडलं. "आली परत शाळकरी! मॅडम, तुम्हीच करा बुवा."

"जा," सवयीने बाईंच्या तोंडून निघालंच. मुलगी वळलीसुद्धा. बाईंना स्वतःच्या जिभेची अशी चीड आली! "नाही, थांब. कुठे जायचं नाही." मग त्या ठेकेदाराकडे वळल्या. "या डॉक्टर आहेत. तुमचं ड्रेसिंग याच करतील. दुखलं तर सांगा, शंका असेल तर विचारा. पण पाणउतारा करायचा नाही आणि हात झटकायचा नाही. मी खपवून घेणार नाही."

"मी वर तक्रार करीन!"

"खुशाल करा. माझं नाव सांगा."

सगळ्या वॉर्डाने कान टवकारले. ठेकेदार फणफणला, पुटपुटला आणि अखेर त्याने पाय पुढे केला. बाईंनी ट्रे धरला. मुलीच्या चिमट्यात पट्टीचं टोक येईना. बाईंना ते बघवेना, पण त्यांनी चिमटा काही स्वतःच्या हातात घेतला नाही. शेवटी टोक सापडलं. जुनी पट्टी सुटत गेली.

"लागतंय का?" मुलीने विचारलं.

"थोडं," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

"मॅडम," ती मान वर न करताच म्हणाली, "कापूस संपत आलाय. बाहेरून आणता?"

नर्स लगबगीने निघाली, तिला बाईंनी हातानेच थांबवलं. ट्रे तिच्याकडे दिला आणि त्या स्वतःच बाहेर गेल्या.

कापूस घेऊन परतल्या, तेव्हा मुलगी ठेकेदाराला बजावत होती, "पाय लटकत ठेवायचा नाही. मी उद्या येऊन बघणार आहे."