बाईंच्या कानातली पांढरी पाच

"तुला ऐकू येतंय ना रे नंदू?" बाईंनी विचारलं.

मी स्पीकरला कान लावून जमिनीवर उकिडवा बसलो होतो. माझा गुडघा कुरकुरत होता, तेवढं ऐकू येत होतं. बाकी काही नाही.

"बारीक घूं येतंय. भुंगा डबीत कोंडल्यासारखं," बाई म्हणाल्या.

त्यांचा मुलगा अमोल माझ्याकडे बघून डोळ्यांनीच सांगत होता, जाऊ दे. तो बँकेत आहे. मला बाहेर पडवीत नेऊन तो हळू म्हणाला, "वय झालं हो तिचं. कानाच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतलीय. तुम्ही उगाच मशीन खोलू नका."

मांडवीतल्या या घरी ही सिस्टीम मीच बसवलेली. मी रत्नागिरीत टीव्ही, स्पीकर, अँप्लिफायर यांची जोडणी करतो. बाई म्हणजे भाटकरबाई, आमच्या शाळेत गाण्याच्या शिक्षिका होत्या. माझा आवाज ऐकून त्यांनी मला प्रार्थनेच्या रांगेत शेवटी उभं केलं होतं आणि नुसते ओठ हलवायला सांगितले होते. निर्णय योग्यच होता. निवृत्तीनंतर त्या घरी मुलींना गाणं शिकवतात. तानपुरा हल्ली मोबाइलवर, आणि तो याच अँप्लिफायरमधून. त्यामुळे तो दिवसभर चालूच.

"क्लास बंद केलाय मी," बाईंनी मला आत आल्यावर सांगितलं. "क्लासातली ती मोठी मुलगी बेसूर झाली, की माझाच कान वाजतोय, हेच कळेना. असल्या कानांनी कुणाला काय शिकवायचं?"

हे त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. त्यामुळे मला जास्त लागलं. हेच अमोलने सांगितलं असतं तर मी सामान उचलून निघालो असतो. माझे स्वतःचे कान गणपतीतल्या लाउडस्पीकरांपाशी उभं राहून बाद झालेत. घरी बायको तिसऱ्यांदा हाक मारते तेव्हा मला पहिली ऐकू येते, आणि ती यावर विश्वास ठेवत नाही. असल्या माणसाने बाईंना भास होतो म्हणणं म्हणजे जरा जास्तच झालं असतं.

"बाई, तो आवाज पेटीवर काढून दाखवता येईल?"

अमोलने कपाळाला हात लावला. बाईंनी मात्र पेटी पुढे ओढली. भाता हलवत खालच्या सप्तकात दोनचार पट्ट्या चाचपल्या आणि एकीवर थांबल्या.

"पांढरी पाच. खर्जातली. पण पेटीपेक्षा किंचित चढा आहे तो. केसभर."

माझ्या मोबाइलवर सूर मोजायचं ॲप आहे. पेटीच्या त्या पट्टीचा आकडा आला अठ्ठ्याण्णव. म्हणजे सेकंदाला अठ्ठ्याण्णव कंपनं. बाई म्हणत होत्या, तो केसभर वर.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते. ती नको तिथे घुसली की स्पीकर गुणगुणतो. त्याला आम्ही हम म्हणतो. तो पन्नासावर वाजतो, आणि त्याच्या दुपटीवर, शंभरावर. शंभर म्हणजे पांढरी पाचपेक्षा केसभर चढा.

"अमोल," मी म्हणालो, "डॉक्टरला थांबव. आईचा कान वाजत असता, तर नेमका विजेच्या सुरात कशाला वाजेल?"

पण हम शिरतो कुठून? अँप्लिफायर नवा, अर्थिंग मीच तपासलेलं. तेवढ्यात बाई सहज म्हणाल्या, "परवा दुपारी केबल गेली होती ना, तेव्हा बरं वाटत होतं."

"आई, केबल गेली की टीव्हीचा आवाज जाणारच," अमोल म्हणाला.

"टीव्ही कुठे लावला होता मी? मी डाळ निवडत होते."

केबल या एका शब्दाने आमचा घोळ केला होता. अमोलसाठी केबल म्हणजे चॅनेलं. माझ्यासाठी केबल म्हणजे टीव्हीपासून अँप्लिफायरपर्यंत मी टाकलेली तार. बाई बोलत होत्या खांबावरून घरात आलेल्या वायरीबद्दल; परवा ती खांबावरच सुटली होती. मी सेट टॉप बॉक्सच्या मागे हात घालून ती वायर उपटली.

बाईंनी डोळे मिटले. "गेला," म्हणाल्या.

वायर परत लावली. "आला."

झालं होतं असं. टीव्हीचा आवाज डिजिटल रूपात अँप्लिफायरकडे न्यायला तिथे दोन वाटा होत्या. एक कोएक्सियल, म्हणजे तांब्याची तार. दुसरी ऑप्टिकल, म्हणजे प्लास्टिकचा बारीक धागा, त्यातून तांबडा उजेड जातो. गाणं दोन्हींतून सारखंच जातं. अमोलने इंटरनेटवर वाचून सोन्याचा मुलामा दिलेली महागडी तार मागवली होती, तेव्हा मीच त्याला ऐटीत लेक्चर दिलं होतं की ऐकायला काही फरक पडत नाही. कोएक्सियल निवडली तीही मीच, कारण ऑप्टिकलला काटकोनात वळवलेलं चालत नाही, आणि बाईंच्या जांभ्या दगडाच्या भिंतींना कोपरेच कोपरे.

लेक्चर बरोबर होतं. फक्त तांब्यातून गाण्याबरोबर वीजही जाते, हे सांगायचं राहिलं होतं. खांबावरच्या वायरीचं अर्थिंग वेगळं, घराचं वेगळं. माझ्या तारेने दोन्हींची गाठ मारून दिली होती. त्या गाठीतून हम आत. उजेडातून वीज येत नाही. म्हणून ऑप्टिकल.

कोएक्सियल काढली आणि गाडीतून ऑप्टिकल तार आणली. दारावरून मोठा बाक देत नेली.

"हे कपडे वाळत घालायची दोरी वाटतेय," अमोल म्हणाला.

"राहू दे," बाई म्हणाल्या.

मी छाती पुढे काढून बटण दाबलं. घूं नाही. टीव्हीचा आवाजही नाही.

"आता सगळंच गेलं," अमोल म्हणाला. एवढा आनंद त्याला सकाळपासून झाला नव्हता.

या तारेच्या टोकाला नवी असताना इवली पारदर्शक टोपी असते. ती काढायची असते. मी हे गिऱ्हाइकांना नेहमी बजावून सांगतो. टोपी काढली, टोक खट्‌ करून बसलं, बातम्या सुरू झाल्या. त्याही आम्ही बंद केल्या.

पण मला नुसता हम घालवायचा नव्हता. बाईंना भिंतीकडे तोंड करून बसवलं. अमोलला टीव्हीमागे उभं केलं आणि सांगितलं, कधी कोएक्सियल लाव, कधी काढ, बोलू नको. आवाज आला की बाईंनी हात वर करायचा.

अमोलने तार लावली. हात वर. काढली. हात खाली. मग त्याने लावल्यासारखं करून लावलीच नाही. बाईंचा हात मांडीवरून हलला नाही. त्याने असं बराच वेळ चालवलं, फसवायचा सगळा प्रयत्न केला. बाई एकदाही चुकल्या नाहीत. शेवटी तो घामाघूम होऊन बाहेर आला.

"आई," तो म्हणाला, आणि खिशातला मोबाइल काढून डॉक्टरचा नंबर शोधू लागला.

"मुलींना फोन लाव," बाई म्हणाल्या. "उद्यापासून या म्हणावं. आणि त्या मोठीला सांग, ती बेसूरच होती."

इतक्या वर्षांत मी मोठमोठ्या हॉलमध्ये सिस्टीम बसवल्या. त्यांचे फोटो माझ्या दुकानात आहेत. त्या दिवशी फोटो काढण्यासारखं काही नव्हतं, दारावर एक दोरी तेवढी लोंबत होती. तरी घरी जाऊन मी ही हकीकत बायकोला दोनदा सांगितली.

घरात एकाच माणसाला आवाज येत असेल, तर कानाच्या डॉक्टरकडे जायला काहीच हरकत नाही. जाण्याआधी अँप्लिफायर बंद करून बघावा, इतकंच.