तीन मिनिटांचे वाटेकरी

हे गेले त्याला चार महिने झाले. काल कपाटात आमचं जुनं स्टॉपवॉच सापडलं. किल्ली दिली तर चालू लागलं.

संत्रा मार्केटात ह्यांचा गाळा होता आणि त्या ओळीत फोन फक्त तिथेच. रोज सकाळी आठला कलकत्त्याचा ट्रंक कॉल ठरलेला, तीन मिनिटांचा. ह्यांना एकट्याला एवढा वेळ लागत नसे, म्हणून पाच छोट्या व्यापाऱ्यांना प्रत्येकी अर्ध्या मिनिटाचा वाटा दिलेला. बदल्यात संत्री. दिवाळीच्या सुटीत वेळ मोजायला मी बसे. प्रत्येकाचा प्रश्न आधीच कापून छोटा करून कागदावर लिहायचा. शाळेत मी मुलांना वाक्य वाढवायला शिकवायची. इथे कापताना मला विलक्षण मजा येई.

एकच वाक्य कापता येत नसे. लाइन लागताच हे तिकडच्या अडत्याला विचारत, "तब्येत कैसी है?" उत्तरासकट आठ सेकंद!

"भाऊ, थो अडत्या हाये, जावाई नाही गा!" एक व्यापारी म्हणे, आणि बाकीचे हसत.

एका सकाळी खाप्याकडची एक बागवाली धापा टाकत आली.

"बाई, मले जरासाक टाइम द्या. सारा बगीचा वॅगनीत भरला. कलकत्त्याले हडताल हाये म्हनते. खरं असन तं माल सडून जाईन."

वॅगन बाराच्या गाडीला जोडणार होते. वाटे तर सगळे संपलेले. मी तब्येतीवर काट मारली आणि तिचा प्रश्न शेवटी लिहिला.

"आज तब्येत नाही," मी ह्यांना बजावलं. ह्यांनी मान हलवली.

घंटी वाजली. मी स्टॉपवॉच दाबलं. ह्यांनी कागद समोर धरला आणि विचारलं, "तब्येत कैसी है?"

मी कपाळावर हात मारला. पण पलीकडचा आवाज एवढा मोठा, की सगळ्या गाळ्याला ऐकू आला.

"तब्येत क्या भाईसाब, सुबह से शटर गिराके बैठा हूँ! हड़ताल है. एक पेटी नहीं उतर रही. हफ्तेभर माल मत भेजो!"

आणि खरखर होऊन लाइन तुटली. बावीस सेकंद. माझ्या कागदाप्रमाणे बागवालीची पाळी त्यानंतर अडीच मिनिटांनी होती.

 तो चिडवणारा व्यापारीच आधी उठला आणि बागवालीला म्हणाला, "मावशी, बसून काहून राहिली वं? दिल्लीले फिरव. माह्या तिथल्या अडत्याच्या नावानं पाठव!"

वॅगन दिल्लीला वळवण्यासाठी मी तिथल्या तिथे रेल्वेला अर्ज लिहिला. घाईतही अक्षर चांगलं आलं. मी, बागवाली आणि तो व्यापारी, तिघं एका रिक्षात कोंबून बसलो आणि रेल्वेच्या मालधक्क्याकडे निघालो, बागवाली वाटभर रिक्षावाल्याला "हान गा, हान!" म्हणत होती. बाराच्या आत वॅगनीवर दिल्लीची चिठ्ठी लागली.

दुसऱ्या दिवशी कागदावर सगळ्यांत वर मीच लिहिलं: तब्येत. आणि पुढे, आठ सेकंद.